जुन्या क्रोनोग्राफ घड्याळात एवढं काय असतं?

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या कंपनीच्या लिलावात १९५७ सालचं, ओमेगा या स्विस कंपनीचं स्पीडमास्टर नावाचं एक क्रोनोग्राफ घड्याळ विकलं गेलं, ३१ लाख स्विस फ्रँकना, म्हणजे तेव्हाच्या भावाने आपले २५ कोटी रुपये. लिलावाआधीचा अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँकचा होता. घड्याळ साधं स्टीलचं, सोनं नाही, हिरे नाहीत, चावीसुद्धा रोज हाताने द्यायची. मग २०२३ मध्ये बातमी आली की ते घड्याळ वेगवेगळ्या जुन्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेलं होतं, आणि ते विकत घेणारी खुद्द ओमेगाच होती, स्वतःच्या म्युझियमसाठी. या प्रकारात आपल्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचंही कंपनीने सांगितलं.

आता घड्याळात रस नसलेल्या माणसाला इथे दोन प्रश्न पडतात आणि दोन्ही रास्त आहेत. एक म्हणजे साठ-सत्तर वर्षं जुन्या चावीच्या घड्याळाला कोणी एवढे पैसे का देईल, आणि दुसरा म्हणजे त्यातले बहुतेक भाग जर ओमेगाचेच होते तर मग फसवणूक नक्की कसली झाली? दोन्हीचं उत्तर कळायला आधी घड्याळ उघडून आत बघावं लागतं, तर तिथूनच सुरुवात करू.

क्रोनोग्राफ म्हणजे काय

ज्या घड्याळात वेळ दाखवण्यासोबत स्टॉपवॉचही असतं ते क्रोनोग्राफ. बस, एवढंच. उजवीकडे चावीच्या वर आणि खाली एकेक बटण असतं. वरचं दाबलं की मधला लांब सेकंद काटा धावायला लागतो, परत दाबलं की थांबतो, आणि खालचं दाबलं की टाचकन शून्यावर येतो. तबकडीवरच्या छोट्या गोलांपैकी एकात घड्याळाचे नेहमीचे सेकंद चालू असतात, बाकीच्यांत स्टॉपवॉचची मिनिटं आणि तास मोजले जातात.

ही कल्पना घोड्यांच्या शर्यतीतून लोकांसमोर आली. १८२१ मध्ये पॅरिसला निकोला र्‍यूसेक नावाच्या घड्याळजीने शर्यतीत एक पेटीएवढं यंत्र वापरलं, घोड्याने रेषा ओलांडली की ते तबकडीवर शाईचा ठिपका टाकायचं. (त्याच्या आधी, १८१६ मध्येच, लुई म्वानेने तारे न्याहाळण्यासाठी असं एक यंत्र पूर्ण केलं होतं, पण ते फारसं कोणाला ठाऊक नव्हतं.) मनगटावर हे सगळं यायला विसावं शतक उजाडलं, आणि शून्यावर आणायचं वेगळं बटण ब्राइटलिंगने १९३४ मध्ये दिलं, म्हणजे आज आपण ज्याला क्रोनोग्राफचा चेहरा म्हणतो तो तेव्हापासूनचा.

काचेभोवतीच्या कड्यावर ५००, ४००, ३०० असे आकडे असतात तो टॅकिमीटर, म्हणजे वेग मोजायची पट्टी. एक्स्प्रेसवेने पुण्याला जाताना शेजारच्या सीटवर बसून करून बघा. एका किलोमीटरच्या दगडाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडाशी परत दाबायचं, काटा ४५ सेकंदांवर थांबला तर त्याच्यासमोर कड्यावर ८० लिहिलेलं असेल, तोच गाडीचा तासाचा वेग. ३६ सेकंदांना थांबला तर १००, आणि ड्रायव्हरला पाय जरा हलका करायला सांगायची वेळ झाली. ३६०० भागिले सेकंद एवढंच गणित आहे, कड्याने ते आधीच करून ठेवलेलं असतं. काही जुन्या घड्याळांत याच्या जागी डॉक्टरांसाठी नाडी मोजायची पट्टी असते, काहींत वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या वेळावरून वीज किती लांब पडली ते सांगणारी. ती घड्याळं हातात घेतली की ती कोणासाठी बनली होती ते लगेच कळतं, आणि मला या घड्याळांची ओढ लागली ती या पट्ट्यांमुळेच.

बटण दाबलं की आत काय होतं

हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण खरा जीव इथेच आहे.

चावी दिली की मोठी स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती हळूहळू उलगडताना चाकांना फिरवते. ती सैरभैर उलगडू नये म्हणून शेवटी बॅलन्स व्हील असतं, पुढेमागे झुलणारं, तेच टिकटिक करतं. इथवर आजोबांच्या कुठल्याही चावीच्या घड्याळासारखंच आहे. क्रोनोग्राफमध्ये या यंत्राच्या पाठीवर दुसरं यंत्र बसवलेलं असतं, आणि त्याला स्वतःची स्प्रिंग नसते. ते पहिल्याचीच ताकद उसनी घेतं, पण फक्त बटण दाबल्यावर. स्कूटरचं इंजिन चालू आहे आणि तुम्ही क्लच दाबून सिग्नलला उभे आहात, बरोबर तसं. इंजिन फिरतंय पण चाक थांबलंय. बटण दाबलं म्हणजे क्लच सोडला, एक छोटं दातेरी चाक सरकून मधल्या चाकाला भिडतं आणि सेकंद काटा निघतो. घड्याळवालेसुद्धा त्या भागाला क्लचच म्हणतात.

हे सरकवण्याचा हुकूम कोण देतं, तर कॉलम व्हील. बुद्धिबळातल्या हत्तीच्या डोक्यावर कंगोरे असतात ना, तसे उभे खांब असलेलं एक इवलंसं चाक. प्रत्येक वेळी बटण दाबलं की ते एक घर पुढे सरकतं. एखाद्या दांडीचं टोक खांबावर चढलं तर दांडी उचलली जाते, दोन खांबांच्या मधे पडलं तर ती खाली येते. क्लच, ब्रेक, हातोडी, सगळ्यांनी कधी उठायचं नि कधी बसायचं हे त्या एका चाकाच्या खांबांवरून ठरतं. प्रोग्रॅम आहे तो, फक्त स्टीलमध्ये कोरलेला.

आणि शून्यावर येणं! काटा १७ सेकंदांवर असो की ५२ वर, खालचं बटण दाबलं की एका क्षणात बरोबर १२ वर येतो, हे होतं कसं? काट्याच्या अक्षावर हृदयाच्या आकाराची एक चकती असते. हातोडीचं सपाट तोंड त्या चकतीवर जोरात दाबलं जातं, चकतीचा काठ असा वळवलेला असतो की हातोडी कुठेही पडली तरी तो घसरत घसरत चकतीला फिरवतो, आणि हातोडी खालच्या खाचेत नीट बसली की चकती थांबते. ती जागा म्हणजे शून्य. अडॉल्फ निकोलने १८४४ मध्ये याचं पेटंट घेतलं. जवळजवळ दोनशे वर्षं होत आली, आजही नव्याकोऱ्या यांत्रिक क्रोनोग्राफमध्ये हीच चकती असते, याहून चांगली युक्ती कोणाला सुचलेली नाही.

मग स्पीडमास्टरचंच एवढं नाव का

स्पीडमास्टर १९५७ मध्ये आलं ते मोटार शर्यतींसाठी, वेगाची पट्टी तबकडीवरून उचलून बाहेरच्या कड्यावर पहिल्यांदा त्यातच आली. आत ३२१ नंबरचं यंत्र होतं, लेमानिया या कारखान्यातल्या अल्बेर पिगे यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित केलेलं, कॉलम व्हीलवालं.

१९६२ मध्ये वॉली शिरा हा अंतराळवीर स्वतःच्या पैशाने घेतलेलं स्पीडमास्टर हातात घालूनच अंतराळात जाऊन आला. पुढे नासाने वेगवेगळ्या कंपन्यांची बाजारात मिळणारीच घड्याळं मागवून त्यांचे अक्षरशः हाल केले. ७१ अंश सेल्सियसमध्ये दोन दिवस, मग ९३ अंशांत अर्धा तास, उणे १८ अंशांत चार तास, निर्वात पोकळी, दमट हवा, हादरे, धक्के, कंप. एका घड्याळाचे काटे उष्णतेने वाकून एकमेकांत अडकले, दुसऱ्याची काच वाकडी होऊन निघाली. स्पीडमास्टरही अगदी सुखरूप सुटलं नाही, एका चाचणीत ते २१ मिनिटं पुढे गेलं आणि एका चाचणीत १५ मिनिटं मागे पडलं, पण ते चालत राहिलं. १ मार्च १९६५ ला नासाने त्याला पसंती दिली. त्याच वर्षी जूनमध्ये एड व्हाइट हा अंतराळवीर यानाबाहेर तरंगला तेव्हा हातावर तेच होतं, आणि जुलै १९६९ मध्ये ते चंद्रावर पोचलं. आर्मस्ट्राँगने आपलं घड्याळ यानातच ठेवलं होतं कारण यानातलं टायमर बंद पडलं होतं, त्यामुळे चंद्राच्या जमिनीवर उतरलेलं पहिलं घड्याळ बझ ऑल्ड्रिनचं. ते पुढे स्मिथसोनियन संग्रहालयाकडे पाठवताना हरवलं ते आजतागायत सापडलेलं नाही.

पण मला विचाराल तर चंद्रापेक्षाही मोठी गोष्ट एप्रिल १९७० ची आहे. चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानाच्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला, वीज वाचवायला यानातली बहुतेक यंत्रणा बंद केली, परतीची दिशा किंचित चुकत होती आणि ती सुधारायला इंजिन मोजून १४ सेकंद चालवायचं होतं. ते १४ सेकंद जॅक स्विगर्टने हातातल्या स्पीडमास्टरवर मोजले. वर सांगितलेलं तेच सगळं, क्लच, कॉलम व्हील, आणि त्याच्यावर तीन माणसांचे जीव.

"पण मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहे की"

आहे, आणि कितीतरी जास्त अचूक आहे. ३२१ नंबरचं यंत्र सेकंदाला ५ ठोके देतं, त्यामुळे ते फार तर सेकंदाचा पाचवा भाग मोजू शकतं. सेलवरच्या घड्याळातला क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सिकोने २५ डिसेंबर १९६९ ला पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातल्या साधारण ९० हजार नोकऱ्यांच्या ३० हजारांच्या आसपास राहिल्या. अचूकतेच्या बाबतीत यांत्रिक घड्याळ तेव्हाच हरलं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

योगायोग असा की त्याच १९६९ सालात यांत्रिक क्रोनोग्राफही कळसाला पोचला होता. तोवर सगळे क्रोनोग्राफ हाताने चावी द्यायचे होते, आणि त्या एका वर्षात झेनिथने एल प्रिमेरो, हॉयर-ब्राइटलिंग-हॅमिल्टनच्या गटाने कॅलिबर ११ आणि जपानमध्ये सिकोने ६१३९ असे तीन ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे, क्रोनोग्राफ आणले. मग क्वार्ट्‌झची लाट आली. १९७५ मध्ये झेनिथच्या अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळांचं काम बंद करून अवजारं भंगारात काढायला सांगितली, तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या ल लोकल गावच्या कारखान्यातल्या शार्ल व्हेर्मो या कामगाराने एल प्रिमेरोचे साचे, अवजारं, नोंदी सगळं गुपचूप माळ्यावर नेऊन लपवलं. ८० च्या दशकात ते यंत्र पुन्हा बनायला लागलं ते त्या माळ्यावरच्या सामानामुळे. ही गोष्ट वाचली की मला अजूनही भरून येतं, कारण त्या माणसाला त्यातून काहीच मिळणार नव्हतं, पकडला गेला असता तर नोकरी मात्र गेली असती.

तर मोबाइलशी तुलना केली तर हरणारच. पण मोबाइल सात-आठ वर्षांनी उघडला तर त्याचं करायचं काय? १९६६ चं स्पीडमास्टर आज उघडलं तर प्रत्येक दांडी काय करते ते डोळ्याला दिसतं, झिजलेला भाग कुशल माणूस नवीन घडवू शकतो, तेलपाणी केलं की ते परत चालतं. मेंदूने शोधलेली गोष्ट डोळ्याने बघून समजते, अशी किती यंत्रं आपल्या घरात उरलीत?

नवीन मिळत असताना जुनंच कशाला

स्पीडमास्टर आजही बनतं, दिसायला बरंचसं तसंच. २०१९ मध्ये तर ओमेगाने ३२१ यंत्रही पुन्हा बनवणार असल्याचं जाहीर केलं, त्यासाठी अपोलो १७ च्या जीन सर्ननने चंद्रावर वापरलेलं घड्याळ स्कॅन केलं. ज्याला रोज निर्धास्त वापरायचंय त्याने नवीनच घ्यावं, यात काही कमीपणा नाही.

जुन्याचं आकर्षण वेगळं आहे. जुनं घड्याळ वाचता येतं. ६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तबकडीवरचे चमकणारे ठिपके रेडियमचे असायचे, मग ट्रिटियम आलं, त्याची ताकद दर बाराएक वर्षांनी निम्मी होते. त्यामुळे १९६६ च्या घड्याळाचे ठिपके आज पिवळट साईसारखे दिसायला हवेत आणि अंधारात जवळपास चमकायला नकोत. ते रात्रभर हिरवे लखलखत असतील तर कोणीतरी नवीन रंग भरलाय. काही काळ्या तबकड्या वर्षानुवर्षांच्या उन्हाने चॉकलेटी पडतात, त्यांना ट्रॉपिकल म्हणतात. खरं तर तो कारखान्याच्या रंगाचा दोष, पण आज त्याचेच जास्त पैसे मोजतात. कड्यावर ९० च्या आकड्याचा ठिपका आकड्याच्या डोक्यावर आहे की शेजारी, यावरून ते कडं साधारण १९७० च्या आधीचं की नंतरचं ते कळतं, आणि नुसतं ठिपका-वरचं कडं मिळवायला लोक लाखांत पैसे घालवतात. प्लॅस्टिकच्या काचेच्या बरोबर मध्यावर भिंगातून बघितलं तर ओमेगाचं इवलंसं चिन्ह दिसतं. यंत्रावरच्या नंबरवरून ते कोणत्या सुमाराचं आहे तेही लागतं.

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे या. घड्याळाचे भाग अस्सल असून फसवणूक का? कारण कलेक्टर, म्हणजे जुनी घड्याळं जमवणारा माणूस, हे भाग पहिल्यापासून एकत्र होते यासाठी पैसे देतो. ही तबकडी, हे काटे, हे यंत्र, हे कव्हर एकाच दिवशी कारखान्यातून बाहेर पडलं आणि साठ वर्षं सोबत राहिलं, हेच तर विकत घ्यायचं असतं. तीन घड्याळांचे उत्तम भाग काढून एक देखणं घड्याळ जोडलं तर ते चालेल, सुंदर दिसेल, पण त्याची हकीकत खोटी असेल. या क्षेत्रात अशा घड्याळाला फ्रँकन म्हणतात. जोडलंय असं सांगून विकलं तर त्यात वाईट काहीच नाही, फक्त किंमत त्याप्रमाणे हवी.

आणि याच कारणासाठी पॉलिश हा शब्द ऐकला की कलेक्टरच्या पोटात गोळा येतो. आपल्याला वाटतं जुनी वस्तू चकचकीत करून घेतली की तिची किंमत वाढली. पण पॉलिशच्या चाकावर स्टील घासलं की कोपऱ्यांच्या धारदार कडा गोल होतात, आणि घासलेलं स्टील परत येत नाही.

आपल्याकडे घेताना

जगभरच्या कलेक्टर मंडळींत "मुंबई स्पेशल" असा एक शब्द प्रचलित आहे आणि तो कौतुकाचा नाही. जुन्या एचएमटी, वेस्ट एंड, फावर ल्युबा घड्याळांची तबकडी भडक रंगात नव्याने रंगवून, कव्हर घासून, मिळतील ते काटे बसवून ती ऑनलाइन विकली जातात, त्यांना हे नाव पडलंय. मला त्या कारागिरांबद्दल राग नाही, टाकून दिलेलं घड्याळ चालतं करणं हे हुनर आहे आणि स्वस्तात हौस म्हणून घालायला ते छानच आहे. अडचण येते ती त्याला "ओरिजिनल कंडिशन" म्हटल्यावर. वेस्ट एंड आणि फावर ल्युबा या दोन्हींचं मुंबईशी नातं एकोणिसाव्या शतकापासूनचं, त्यामुळे आपल्या घरांतल्या कपाटांत चांगल्या घड्याळांचा साठा आहेच. आजोबांचं एखादं सापडलं तर आधी काहीच करू नका, कापडाने पुसा आणि जाणकाराला दाखवा.

क्रोनोग्राफ दुरुस्तीला देताना गल्लीतला घड्याळजी कितीही चांगला असला तरी त्याने आधी क्रोनोग्राफ उघडलेत का हे विचारा, कारण दांड्यांचा ताळमेळ लावणं हे वेगळं काम आहे. पॉलिश करू नका हे स्पष्ट सांगा, आणि बदललेले जुने भाग पुडीत घालून परत मागा, तो तुटका काटासुद्धा घड्याळाचा आहे. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात ही घड्याळं बाहेर काढूच नयेत असं माझं मत आहे. साठ वर्षांपूर्वीचं रबर वाळून गेलेलं असतं, बटणांच्या फटीतून दमट हवा आत जाते आणि एकदा तबकडीवर बुरशी धरली की संपलं. काचेच्या आत बारीकसं धुकं दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी उघडून घ्या.

ही गुंतवणूक आहे का

पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं, आणि त्या दिवसापासून हा प्रश्न सगळे विचारतात. ते घड्याळ त्याच्या बायकोने दिलेलं होतं, मागे "सांभाळून चालव" अशा अर्थाचं वाक्य कोरून घेतलं होतं, आणि तशी वेगळ्या तबकडीची डेटोना ६० च्या दशकात दुकानांतून पडून असायची. म्हणजे त्या काळी ती पैशासाठी कोणी घेत नव्हतं. शिवाय भाव नुसते वर जात नाहीत, २०२२ च्या सुरुवातीला ते टोकाला पोचले आणि मग चांगलेच उतरले. दर काही वर्षांनी सर्व्हिसिंगचा खर्च असतो, विकायला वेळ लागतो, अस्सलपणा पटवून द्यावा लागतो. नफ्यासाठी घेऊ नका असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

"हा श्रीमंतांचाच नाद ना मग?"

३२१ वालं स्पीडमास्टर घ्यायचं तर हो, खिसा मोठा लागतो. १९६८ पासून ओमेगाने कॉलम व्हील काढून ८६१ हे बनवायला सोपं आणि दणकट यंत्र घातलं, ७० च्या दशकातली ती घड्याळं बरीच स्वस्त पडतात आणि मला वाटतं त्यांना उगाच कमी लेखलं जातं. त्याहून खाली सिको ६१३९ आहे, कॉलम व्हीलवालं, ऑटोमॅटिक. कर्नल विल्यम पोग हा अंतराळवीर हे घड्याळ १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकन अंतराळ स्थानकावर घेऊन गेला होता, अंतराळात गेलेला पहिला ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ तोच. मात्र बाजारात याच्या नव्याने रंगवलेल्या तबकड्या भरपूर आहेत, तेव्हा वर सांगितलेलं सगळं इथेही लागू.

आणि ज्याला फक्त ते यंत्र बघायचंय त्याच्यासाठी चीनमधला तिएनजिनचा सीगल कारखाना आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनने हवाई दलाच्या घड्याळासाठी व्हीनस या स्विस कंपनीच्या १७५ नंबरच्या यंत्राची अवजारं विकत घेतली होती, त्याचाच वारस असलेलं एसटी १९ हे यंत्र आजही बनतं. चावीचं, कॉलम व्हीलचं, आडव्या क्लचचं, अगदी ३२१ च्याच पिढीची रचना, नवीन घड्याळ काही शे डॉलरमध्ये येतं. घेतलंत तर मागचं झाकण काचेचंच घ्या. मग भिंग लावा, वरचं बटण अगदी सावकाश दाबा, खांबांचं चाक एक घर सरकताना दिसेल, क्लचचं चाक मधल्या चाकाला भिडताना दिसेल, आणि खालचं बटण दाबलं की हातोडी त्या हृदयाच्या चकतीवर कशी पडते ते बघा.